काळ्या लिकरचा दुसरा फेरा

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो ‘उरलेलं’. त्यांच्या यादीत भंगारवाले होते, गोधड्या होत्या, शिळ्या भाकरीचा कुटका होता. मी कागदाची गिरणी मागून घेतली. लाकडाचा लगदा करताना जेवढं लाकूड लगद्यात जातं, त्याहून थोडं जास्तच काळ्या पाण्यात उरतं. त्या काळ्या पाण्याचं पुढे काय करता येतं, यावर गिरणी टिकणार की बुडणार हे ठरतं.

गिरणी दक्षिणेतली, नदीकाठची. आत सोडताना व्यवस्थापनाने एकच अट घातली, नाव छापायचं नाही. माझ्याबरोबर दिलेले अभियंते मूळचे चंद्रपूरचे निघाले. त्यामुळे ‘चला भाऊ, आधी डायजेस्टर हाऊस पाहू’ इथपासूनचं सगळं मराठीतच झालं. गेटच्या बरंच आधी वास सुरू झाला होता. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून जो वास मुद्दाम मिसळतात, त्याच मर्कॅप्टनच्या कुळातला. लाकूड गंधकाच्या संगतीत शिजवलं की हा वायू सुटतोच. माणसाच्या नाकाला तो इतका अल्प प्रमाणात कळतो, की गिरणीने बहुतेक सगळा गोळा करून जाळला तरी उरलेला कण गावाला पुरतो. आता नळ्यांतून तो जाळायला नेतात. कामगारांच्या घरात त्यावर कोणी बोलत नाही. पाहुणेच नाक मुरडतात.

वाफ आकाशात जायची तेव्हा

लाकूड म्हणजे ढोबळमानाने सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. कागदाला तंतू हवेत, लिग्निन नको. ते विरघळवायचं तर कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाच्या चिप्स साधारण १६० ते १७० अंश सेल्सियसला दाबाखाली शिजवाव्या लागतात. या ताज्या द्रावणाला गिरणीत व्हाइट लिकर म्हणतात. काम झाल्यावर तेच काळंकुट्ट होऊन बाहेर येतं, ते ब्लॅक लिकर. ज्या उभ्या पोलादी भांड्यात हे शिजतं, तो डायजेस्टर. काही गिरण्यांत चिप्स एका बाजूने अखंड आत येतात आणि लगदा दुसरीकडून अखंड बाहेर पडतो. इथे मात्र घाण्यावर घाणा लागतो, भांडं भरायचं, शिजवायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. एका घाण्याला ‘कुक’ म्हणतात.

नव्या इमारतीच्या मागे जुन्या डायजेस्टरांची बंद पडलेली रांग अजून उभी आहे. त्यांच्यावर उमेदीची वर्षं काढलेले एक निवृत्त फोरमन त्या दिवशी भेटायला आले होते. त्यांनी जुनी रीत हातवारे करून सांगितली. चिप्स भरल्या, लिकर सोडलं, झाकण आवळलं, की बॉयलरकडून ताजी वाफ घेऊन सगळा ऐवज थंडापासून १७० पर्यंत चढवायचा. नुसतं तापायलाच तास-दीड तास जाई. शिजलं की तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा. आतला दाबच सगळा माल पाइपातून ब्लो टँकमध्ये फेकून देई. त्या क्षणी जमीन हलायची, असं ते म्हणाले. बोलणं थांबवून सगळे घड्याळाकडे बघायचे, कारण आवाज नेहमीपेक्षा लवकर बसला तर भांड्यात माल अडकला असं समजायचं.

या ‘ब्लो’मध्ये काय वाया जात होतं, त्याचा हिशोब कागदाच्या पाठीवर मांडता येतो. १७० अंशांवरचं दाबाखालचं पाणी एकदम मोकळ्या हवेच्या दाबाला आलं, की ते १०० अंशांवर उतरतं आणि मधल्या उष्णतेची वाफ होते, शंभर किलोमागे सुमारे बारा-तेरा किलो. मोठ्या भांड्यात लाकूड आणि लिकर मिळून दोनशे टन ऐवज असेल, तर दहा-पंधरा मिनिटांत पंचवीस टनांच्या आसपास वाफ. ती अडवायला गिरण्यांनी मोठाले कंडेन्सर आणि टाक्या बसवल्या, आणि त्यांतून गरम पाणी मिळालंही. पण वाफ यायची हिसक्याने आणि गरज असायची सलग. शिवाय ती वाफ घाण, गंधकाने भरलेली. वरच्या दर्जाची उष्णता मोडून तिचं कोमट पाणी करायचं, आणि पुढच्या घाण्याला पुन्हा नवा कोळसा जाळायचा, असा तो व्यवहार होता.

तंतूंचं नुकसान वेगळंच. उकळत्या तापमानाच्या कितीतरी वर असलेला मऊ लगदा व्हॉल्व्ह आणि पाइपाच्या वळणांवर आपटत जातो तेव्हा त्याची ताकद घटते. प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यातला लगदा जितका चिवट निघे, तितका कारखान्यातला कधी निघत नसे. यातला मोठा वाटा या आपटण्याचा होता, हे कळायला उद्योगाला बरीच वर्षं लागली.

बंबाचं तत्त्व

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. बंबात वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं, आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. ओतणारा हात थांबला की तोटीही थांबते. गार जड, गरम हलकं, आणि दोन्ही हळू हलवली तर फारशी मिसळत नाहीत.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बेलॉइट कंपनीने आणि स्वीडनच्या सुंड्स डिफायब्रेटरने आपापल्या नावांनी जी पद्धत बाजारात आणली, तिचा गाभा एवढाच आहे. (बेलॉइट पुढे १९९९ मध्ये मूळ कंपनीच्या दिवाळखोरीत बुडाली, पद्धत राहिली.) शिजून झालं की व्हॉल्व्ह उघडून माल फेकायचा नाही. लगदा धुण्याच्या वॉशरवरून आलेलं सत्तर-ऐंशी अंशांचं पातळ काळं पाणी तळातून हळूहळू आत ढकलायचं. ते चढत जातं तसं वरचं कढत ब्लॅक लिकर भांड्याच्या डोक्यावरून दाबाखालच्या टाकीत निघून जातं. या ढकलण्याला विस्थापन म्हणतात. भांड्यात उरतो तो शंभर अंशांच्या खाली आलेला लगदा. तो पंपाने उचलून शांतपणे पुढे न्यायचा. धक्का नाही, आपटणं नाही, आणि भांड्यातल्या भांड्यात पहिली धुणीही होऊन गेलेली.

आणि ते कढत लिकर? ते पुढच्या घाण्याच्या कामाला लागतं. नवीन भांड्यात चिप्स भरताना वाफेने त्या दाबून बसवतात आणि हवा बाहेर काढतात. मग येतं कोमट ब्लॅक लिकर, ऐंशी-नव्वद अंशांचं. ते चिप्समध्ये मुरतं. त्यानंतर तळातून कढत ब्लॅक लिकर, आधीच्या घाण्यातून नुकतंच राखलेलं. ते कोमटाला वर ढकलून बाहेर काढतं. शेवटी गरम केलेलं व्हाइट लिकर, आणि त्याचीही ऊब बाहेर चाललेल्या ब्लॅक लिकरकडूनच उष्णता-विनिमयकात घेतलेली. एवढं होईपर्यंत भांडं शिजण्याच्या तापमानाच्या अगदी जवळ आलेलं असतं. बॉयलरच्या ताज्या वाफेला शेवटचे थोडे अंश चढवायचं काम तेवढं राहतं. डायजेस्टर हाऊसला लागणारी वाफ यामुळे जुन्या पद्धतीच्या निम्म्याहून खाली येते.

मला उष्णतेपेक्षा दुसरी गोष्ट जास्त मजेची वाटली. वापरून झालेल्या लिकरमध्ये थोडा अल्कली शिल्लक असतोच, आणि सल्फाइड तर बरंच असतं. नव्या लाकडात, विशेषतः निलगिरी किंवा सुबाभळीसारख्या रुंदपर्णी झाडांच्या लाकडात, अल्कली पडल्या पडल्या सुटणारी आम्लं असतात. ती पहिल्या काही मिनिटांतच बराच अल्कली खाऊन टाकतात. जुन्या पद्धतीत हा नैवेद्य महागड्या ताज्या कॉस्टिकमधून जायचा. आता तो उरलेल्यातून जातो. आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९७० च्या दशकाअखेरीस दाखवून दिलं होतं, की शिजण्याच्या सुरुवातीला सल्फाइड भरपूर आणि शेवटाला विरघळलेलं लिग्निन कमी असेल, तर लिग्निन जास्त निघतं आणि सेल्युलोज कमी दुखावतं. म्हणजे उरलेलं लिकर आधी देणं ही नुसती काटकसर नाही. लगद्यालाही ते मानवतं. काटकसरीने माल सुधारल्याची उदाहरणं कारखानदारीत फार नाहीत.

पण बंबात नुसतं पाणी असतं, इथे चिप्स ठासलेल्या असतात. भरताना एका कडेला पोकळी राहिली की लिकर तिथूनच वाट काढतं आणि बाकीचा ढीग कच्चा राहतो. पंप जोरात चालवला तर गरम-गार मिसळतं. चाळण्यांवर लाकडातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. साल नीट सोललेली नसेल तर जास्तच, कारण सालीत कॅल्शियम भरपूर. म्हणून डायजेस्टर हाऊसचे लोक लाकूडतोडीच्या विभागावर सदैव डोळा ठेवून असतात.

रिकाम्या हातांची वेळ

कंट्रोल रूममध्ये पडद्यावर डायजेस्टरांची चित्रं ओळीने होती, प्रत्येकात वेगवेगळ्या उंचीवर काळा रंग. कोपऱ्यात एक आकडा चढत होता, तो एच-फॅक्टर. के. ई. व्रूम यांनी १९५७ मध्ये शिजण्याचा वेळ आणि तापमान एकाच आकड्यात गुंफले. १०० अंशांवरचा वेग एक धरला तर १७० वर तो नऊशेच्या पुढे जातो. १६० ऐवजी १७० वर शिजवलं तर वेग दुपटीहून वाढतो. त्यामुळे तापमान अंशभर हुकलं तरी किती मिनिटं जास्त द्यायची हे ऑपरेटरला चाखून बघावं लागत नाही. आकडा भरला की कुक संपला.

शिफ्टवरच्या ऑपरेटरचं लक्ष मात्र त्या आकड्यावर कमी आणि टाक्यांच्या पातळीवर जास्त होतं. कारण विचारलं तर त्याने उत्तराऐवजी बोटानेच दाखवलं. एक भांडं कढत लिकर बाहेर द्यायला तयार आहे. ते घ्यायला टाकीत जागा हवी. दुसरं भांडं कढत लिकर मागतंय. टाकीत तेवढं असायला हवं. देणारा आणि घेणारा एकाच मिनिटाला भेटत नाहीत, म्हणून मध्ये टाक्या. सर्वांत कढत लिकरची एक, जरा उतरलेल्याची दुसरी, दाब नसलेली तिसरी. विस्थापन सुरू असताना वरून येणाऱ्या लिकरचं तापमान पडू लागलं की झडप फिरवून प्रवाह पहिल्या टाकीकडून दुसरीकडे वळवायचा. लवकर वळवलं तर चांगली उष्णता खालच्या दर्जात गेली. उशीर केला तर कढत टाकीच गार झाली, आणि त्याची भरपाई पुढचे काही घाणे ताज्या वाफेने करत बसतात.

सगळी बचत या वेळापत्रकात आहे. नव्या यंत्रणेतली भांडी जुन्यांहून मोठी आहेत खरी, पण पोलाद तेच आणि रसायनही एकोणिसाव्या शतकापासूनचंच. एका भांड्याची भरण चिप्सच्या पट्ट्यावर अडकली की घेणारा हजर नाही. मग देणाऱ्याला शिजलेला लगदा धरून थांबावं लागतं आणि लगदा जादा शिजतो. एका घाण्याला साडेचार तासांच्या आसपास लागतात, म्हणून भांडी ठरावीक अंतराने एकामागे एक चालतात. वीस मिनिटांची खोटी झाली तर ती दुसऱ्या शिफ्टपर्यंत दिसत राहते, असं अभियंते म्हणाले.

काळ्याचं हिरवं, हिरव्याचं पांढरं

ऊब काढून घेतल्यावर उरलेलं ब्लॅक लिकर अजून पातळच असतं, शंभर किलोत पंधरा-सोळा किलो घन. एक टन लगद्यामागे असं कित्येक टन पाणी. त्यात अर्धं लाकूड विरघळलेलं आहे आणि गिरणीने विकत घेतलेला जवळजवळ सगळा सोडाही.

१८७९ मध्ये डँझिग इथे कार्ल डाल यांनी ही पाककृती बसवली, ती मुळात सोडा वाचवण्याच्या खटपटीतून. सोडा अॅश महाग होती. तिच्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट भट्टीत टाकलं तर त्याचं सल्फाइड होतं आणि लगदा उलट जास्त मजबूत निघतो, असं त्यांना आढळलं. मात्र हे सगळं भट्टीत रसायन परत मिळवलं तरच परवडतं. १९३० च्या दशकात कॅनडात जी. एच. टॉमलिन्सन यांनी रसायन आणि वाफ दोन्ही एकाच वेळी देणारा रिकव्हरी बॉयलर उभा केला, आणि तेव्हापासून या पद्धतीने बाकीच्यांना मागे टाकलं.

आधी पाणी उडवायचं. बाष्पकांच्या रांगेत एका भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. अशा पाच-सहा पायऱ्यांत एक किलो ताज्या वाफेवर चार-पाच किलो पाणी निघतं. शेवटी उरतं ते सत्तर टक्क्यांच्या आसपास घन असलेलं, डांबरी दिसणारं इंधन. ते बॉयलरमध्ये फवारतात. लाकडाचा भाग जळतो, त्याची वाफ होते. सोडा वितळून तळाशी साचतो आणि नळीवाटे लाल रसासारखा बाहेर ओघळतो. त्याला स्मेल्ट म्हणतात. तो खाली पाण्यात पडताना वाफेच्या फवाऱ्याने फोडावा लागतो, तरीही स्फोटासारखे दणके येत राहतात. तिथे उभं राहताना अभियंत्यांनी माझा दंड धरला होता. वितळलेला सोडा आणि पाणी यांची नको तिथे गाठ पडली तर बॉयलर फुटू शकतो. भट्टीत नळी गळल्याची शंका आली की सगळ्यांनी इमारत सोडायची आणि बॉयलरमधलं पाणी झटपट काढायचं, हा नियम जगभर एकच आहे. पातळ लिकर चुकून भट्टीत गेलं तरी तोच धोका, म्हणून घनता ठरावीक आकड्याखाली उतरली की फवारे आपोआप बंद होतात.

पाण्यात विरघळलेला स्मेल्ट म्हणजे ग्रीन लिकर. त्यात चुना घातला की कार्बोनेटचं पुन्हा कॉस्टिक होतं. चुन्याचा चिखल तळाशी बसतो, वर निवळतं ते व्हाइट लिकर. चांगल्या गिरणीत सोडा शंभरातला सत्त्याण्णवच्या वर परत येतो. तो चिखलही भट्टीत भाजून पुन्हा चुना करता येतो. निदान पाठ्यपुस्तकात तरी.

बांबूतली वाळू

पाठ्यपुस्तकं पाइन आणि बर्चच्या देशांत लिहिली गेली. आपल्याकडे कागद बांबूवर उभा राहिला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबू शिजवण्यावर जी वर्षं घालवली, त्यांचं पुस्तक १९३१ मध्ये आलं. त्यांनी सुचवलेली रीत दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात सौम्य द्रावणाने पिष्ट आणि पेक्टिनसारखे पदार्थ काढून टाकायचे, दुसऱ्यात ताज्या द्रावणाने लिग्निन. सौम्य आधी, ताजं नंतर हा क्रम नव्या यंत्रणेतही तोच, तरी तिच्या जाहिरातींत रेट यांची आठवण कोणी काढत नाही, हे मला जरा खटकलं.

१९४५ मध्ये स्थापन झालेली बल्लारपूरची गिरणी वर्धेच्या काठी आली ती चंद्रपूरच्या बांबूच्या भरवशावर. सरकारी भाडेपट्ट्यांवर कागदउद्योगाला बांबू कवडीमोलाने मिळत असे, आणि ज्यांच्या अंगणात तो वाढतो त्या गावांना तो तोडायची मुभा नव्हती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती आपल्या बांबूचे वाहतूक परवाने यायला २०११ साल उजाडलं. ती कथा मोठी आहे, आणि तिच्यावर दिवाळी अंकांत बरंच लिहून झालं आहे. इथे फक्त बांबूच्या आतल्या एका गोष्टीचा संबंध, सिलिका.

बांबूत वाळूचा हा अंश लाकडापेक्षा कितीतरी जास्त. अल्कलीत तो विरघळून ब्लॅक लिकरमध्ये जातो. बाष्पकाच्या नळ्यांवर काचेसारखा थर धरतो, लिकर घट्ट-चिकट करतो, आणि शेवटी चुन्याच्या चिखलात उतरतो. असा चिखल पुन्हा पुन्हा भाजला तर दर फेरीला त्यात वाळू वाढत जाते. म्हणून भारतातल्या कित्येक गिरण्या वर्षानुवर्षं चिखल फेकत राहिल्या आणि नवा चुना घेत राहिल्या. १९८० मध्ये सुरू झालेल्या सहारनपूरच्या केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्थेने सिलिका काढण्यावर बरंच काम केलं. पण मोठ्या गिरण्यांचा हा त्रास खरा हलका झाला तो कच्चा माल बदलल्याने. १९८८ च्या वननीतीने उद्योगाला जंगलाकडून शेताकडे वळायला सांगितलं, आणि शेतकऱ्यांची निलगिरी, सुबाभूळ, सुरू फाटकातून आत येऊ लागली.

गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या छोट्या गिरण्यांची गोष्ट उलटी. पेंढ्यात सिलिका बांबूहूनही जास्त, लिकर पातळ, आणि रोजचं उत्पादन इतकं कमी की रिकव्हरी बॉयलरचा खर्च निघत नाही. त्यांचं काळं पाणी थेट ओढ्या-नाल्यांत गेलं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २००३ मध्ये केंद्राने उद्योगांशी केलेल्या सनदेत या गिरण्यांना सोडा परत मिळवा नाहीतर रद्दीवर चालवा असा पर्याय ठेवला. बऱ्याच रद्दीवर गेल्या.

मोठ्या गिरण्यांच्या जाहिरातींत नदीवरचं प्रेम दिसतं. ते खरं मानायला माझी हरकत नाही. पण सोडा अॅशची किंमत आणि कोळशाचं बिल यांनी नदीसाठी जितकं केलं, तितकं कुठल्याच प्रेमाने केलेलं नाही. जिथे काळ्या पाण्यातला सोडा काढणं परवडलं तिथे नदी वाचली. जिथे परवडलं नाही तिथे कायद्याला यावं लागलं, आणि तो उशिरा आला.

वॉशरवरचा वाद

गिरणीतलं रोजचं भांडण मात्र पाण्याच्या एका नळावर असतं. लगदा शेवटी धुतला जातो तेव्हा ब्लीचिंगवाल्यांना पाणी सढळ हवं, कारण लगद्याबरोबर काळं जितकं पुढे जाईल तितकं रसायन त्यांना जास्त लागतं. रिकव्हरीवाल्यांना तेच पाणी नको, कारण त्याचा प्रत्येक थेंब बाष्पकात उडवायचा असतो. पंधरा टक्क्यांचं लिकर सत्तरवर न्यायला शंभर किलोतलं जवळजवळ एकोणऐंशी किलो पाणी काढावं लागतं. वॉशरवर नळ थोडा जास्त उघडला की हा आकडा चढतो. डायजेस्टरवाले मध्ये सापडतात, कारण विस्थापनाला लागणारं पातळ काळं पाणी याच वॉशरवरून येतं आणि ते किती गरम, किती गढूळ यावर त्यांचा घाणा अवलंबून. सकाळच्या बैठकीत तिन्ही विभाग एकाच आकड्याकडे बोट दाखवून तीन वेगळी कारणं देतात.

वार्षिक बंदीच्या आधी आणखी एक काम असतं. बंदीनंतरच्या पहिल्या घाण्याला उसनं द्यायला आधीचा घाणा नसतो, म्हणून भांडी रिकामी करण्यापूर्वी टाक्यांत ब्लॅक लिकर राखून ठेवावं लागतं. महिनाअखेरीस बंदी होती, आणि तिसऱ्या टाकीत किती ठेवायचं यावर अभियंते आणि रिकव्हरीचे शिफ्टप्रमुख फोनवर घासाघीस करत होते. एकाला साठा भरपूर हवा होता. दुसऱ्याला बॉयलर बंद होण्याआधी तेच जाळून संपवायचं होतं. मी निघालो तेव्हा बोलणी अर्ध्या टाकीवर आली होती.